पाऊणशे मिलिग्रॅम आणि निरोगी श्वास

या स्तंभाकडे गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच गोळीविषयी होती. ती गोळी म्हणजे घरोघरी ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ या नावाने ओळखली जाणारी, कमी मात्रेतील ॲस्पिरिन. इतर विषयांवरील पत्रे पुढील अंकासाठी राखून ठेवून या वेळी याच पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ६२ वर्षांचा असून बँकेतून निवृत्त झालो आहे. रोज पहाटे पर्वती चढण्याचा माझा पंधरा वर्षांचा नेम आहे. बीपी, शुगर, दमा यांपैकी काहीही नाही आणि विडी-सिगारेटला कधी हात लावलेला नाही. टेकडीवर भेटणाऱ्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर सध्या एक संदेश फिरत आहे. रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतल्यास धुळीचा आणि धुराचा फुफ्फुसांवर होणारा परिणाम निम्म्यावर येतो, तसेच निरोगी माणसांवरील प्रयोगातही या गोळीने श्वासमार्गाचा दाह कमी झाला, असे त्यात म्हटले आहे. आमच्यापैकी चौघांनी गोळी सुरूही केली. ‘हृदयाला चांगली, छातीलाही चांगली आणि चहापेक्षा स्वस्त’, असे त्यांचे म्हणणे आहे. मीही सुरू करावी काय? — एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : सुरू करू नये. मात्र संदेशातील दोन्ही गोष्टी कुणी मनाने रचलेल्या नाहीत, आणि म्हणूनच उत्तर थोडे लांबणार आहे. निव्वळ थाप असती तर एका ओळीत भागले असते.

आधी प्रयोगाविषयी. बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी केलेला हा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३३ निरोगी स्वयंसेवक होते. त्यांचे तीन गट करून एकाला रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, दुसऱ्याला १२०० मिलिग्रॅम आणि तिसऱ्याला औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी असे सात दिवस देण्यात आले. त्यानंतर प्रत्येकाला जिवाणूंच्या आवरणापासून मिळवलेले एंडोटॉक्सिन नावाचे द्रव्य श्वासावाटे देण्यात आले. सहा तासांनी दुर्बीण फुफ्फुसात उतरवून, तेथे खारे पाणी सोडून आणि ते परत ओढून घेऊन त्यातील पेशी व रसायने मोजण्यात आली. ॲस्पिरिन घेतलेल्यांच्या फुफ्फुसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी जमल्या होत्या आणि ऊतींना इजा करणारी काही विकरे (एन्झाइम) व दाह वाढवणारी काही द्रव्येही कमी आढळली. विशेष म्हणजे ७५ आणि १२०० मिलिग्रॅम या दोन मात्रांच्या परिणामांत फरक दिसला नाही.

आता संदेशातील वाक्य पुन्हा वाचावे. ‘निरोगी माणसांच्या श्वासमार्गाचा दाह कमी झाला’ असे त्यात आहे; पण त्या निरोगी माणसांच्या श्वासमार्गात मुळात दाह नव्हता, तो प्रयोगासाठी मुद्दाम निर्माण केलेला होता. अतिदक्षता विभागात ज्या रुग्णांच्या फुफ्फुसांत अचानक पाणी भरते आणि ज्यांना व्हेंटिलेटरची गरज लागते, त्यांच्या आजाराची सौम्य व सुरक्षित नक्कल निरोगी शरीरात उभी करून औषधाची दिशा बरोबर आहे की नाही हे पाहणे, एवढाच त्या प्रयोगाचा हेतू होता. टेकडी चढणाऱ्या निरोगी माणसाला ही गोळी द्यावी का, हा प्रश्न संशोधकांनी विचारलेलाच नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यातून काढणे म्हणजे मुलाखतीला गेलेल्या मुलाच्या गळ्यात नेमणुकीचा हार घालण्यासारखे आहे.

प्रयोगशाळेतून रुग्णशय्येपर्यंतचा प्रवास पुष्कळदा अर्ध्यावर थांबतो, आणि येथेही तसेच झाले. अमेरिकेत फुफ्फुसाच्या याच गंभीर आजाराचा धोका असलेल्या सुमारे ४०० रुग्णांना आपत्कालीन विभागात दाखल होताच ॲस्पिरिन किंवा नकली गोळी देऊन पाहण्यात आले. २०१६ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार सात दिवसांत तो आजार होणाऱ्यांचे प्रमाण ॲस्पिरिनच्या गटात १०.३ टक्के आणि नकली गोळीच्या गटात ८.७ टक्के होते. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला असल्याने गोळीने अपाय झाला असे म्हणता येत नाही, पण उपयोग झाला असेही मुळीच म्हणता येत नाही. पुढे कोविडच्या साथीत ब्रिटनमधून चालवलेल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत जवळपास १५,००० रुग्णांवर रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिनची परीक्षा झाली. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण दोन्ही गटांत १७ टक्केच राहिले.

प्रदूषणाचा परिणाम ‘निम्म्यावर’ येतो, या विधानाचे मूळ बोस्टन परिसरातील २,२८० माजी सैनिकांच्या निरीक्षणात आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील सर्व जण पुरुष होते आणि त्यांचे सरासरी वय ७३ होते. हवेतील सूक्ष्म कण वाढले की त्यांची फुंकण्याची क्षमता किती घटते, हे तपासले असता, वेदनाशामक व दाहशामक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ही घट इतरांच्या जवळपास निम्मी आढळली. या गोळ्यांमध्ये ॲस्पिरिनचाच वाटा मोठा होता. निष्कर्ष कुतूहल वाढवणारा आहे, यात शंका नाही. परंतु येथे कुणाला चिठ्ठ्या टाकून गोळी दिलेली नव्हती. ज्यांनी ती घेतली त्यांनी आपापल्या कारणांनी घेतली होती. रोज नेमाने गोळी घेणारा माणूस डॉक्टरांकडेही नेमाने जातो, धूर असेल त्या दिवशी घरात थांबतो, अशा अनेक शक्यता उरतात, आणि आकडेमोडीने त्या सगळ्या पुसता येत नाहीत. शिवाय हवा खराब असताना फुंकण्याचा आकडा थोडा कमी घसरणे आणि पुढील दहा वर्षांत फुफ्फुसाचा आजार टळणे या एकाच गोष्टी नव्हेत.

गोळी नेमके काय करते, हे आपण विचारलेले नाही. पण ते कळल्याशिवाय माझ्या ‘नको’चे कारण कळणार नाही. जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले की ॲस्पिरिनमुळे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती अडते, आणि या कामासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ही द्रव्ये बनवणाऱ्या विकराला ॲस्पिरिन एक रासायनिक गट कायमचा चिकटवते, म्हणजे कुलपात किल्ली मोडून ठेवावी तसे ते विकर निकामी होते. इतर पेशी नवे विकर तयार करतात, पण रक्तातील प्लेटलेट्सना केंद्रक नसल्यामुळे त्यांना ते जमत नाही, आणि त्या आपले उरलेले आयुष्य, म्हणजे सुमारे सात ते दहा दिवस, तशाच काढतात. रक्तात ॲस्पिरिन मूळ स्वरूपात जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत निम्मे होते. मात्र आतड्यातून यकृताकडे जाणाऱ्या रक्तातच त्याची प्लेटलेट्सशी गाठ पडते आणि तेवढ्यात काम उरकते. इतक्या लहान मात्रेचा परिणाम दिवसभर टिकतो, तो या कारणाने.

प्लेटलेट्सचे काम रक्त गोठवण्यापुरतेच नसते. त्या न्यूट्रोफिल पेशींना चिकटून त्यांना फुफ्फुसात शिरायला मदत करतात, त्यामुळे प्लेटलेट्स मंदावल्या की ही भरतीही मंदावते. दुसरी वाट अधिक मजेची आहे. विकराचा दुसरा प्रकार ॲस्पिरिनमुळे पुरता बंद पडत नाही, तर आपला माल बदलतो, आणि त्यापासून पुढे पांढऱ्या पेशी एक विशिष्ट लिपॉक्सिन तयार करतात. दाह विझवणे हेच लिपॉक्सिनचे काम. लंडनमधील संशोधकांनी २००९ साली निरोगी पुरुषांना दहा दिवस रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन, त्यांच्या हाताच्या त्वचेवर मुद्दाम फोड उठवून पाहिले, तेव्हा फोडात हे द्रव्य वाढलेले आणि पांढऱ्या पेशी घटलेल्या आढळल्या. मात्र नेदरलँड्समध्ये निरोगी स्वयंसेवकांना एंडोटॉक्सिन शिरेवाटे दिले गेले, तेव्हा ॲस्पिरिन घेतलेल्यांच्या रक्तातील दाहकारक द्रव्ये कमी होण्याऐवजी वाढली. त्वचेत एक, फुफ्फुसात तसेच, आणि रक्तात उलट. ज्या औषधाचे वर्तन जागेनुसार असे बदलते, त्याला ‘दाहशामक’ असा एकच शिक्का मारून निरोगी माणसाने रोज घेणे मला पटत नाही. शिवाय दाह म्हणजे शरीराचा शत्रू नव्हे. रस्त्यावरची धूळ, जंतू आणि परागकण श्वासाबरोबर आत गेल्यावर त्यांना हुसकून लावणारी जी झटापट असते, तिलाच आपण दाह म्हणतो. ती वेळेवर सुरू होऊन वेळेवर थांबली, तर आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही.

आता किमतीविषयी. गोळी चहापेक्षा स्वस्त असली तरी तिची खरी किंमत दुकानात कळत नाही. ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील १९,११४ निरोगी ज्येष्ठांना, ज्यांपैकी बहुतेक सत्तरीपुढचे होते, रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा नकली गोळी सुमारे पावणेपाच वर्षे देण्यात आली. २०१८ साली आलेल्या निष्कर्षांत धडधाकट आयुष्याची वर्षे वाढलेली दिसली नाहीत. गंभीर रक्तस्राव मात्र २.८ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर गेला. याच चाचणीतील ऑस्ट्रेलियातील १६,७०३ व्यक्तींमध्ये जंतुसंसर्ग रक्तात पसरून होणाऱ्या मृत्यूंचाही स्वतंत्र हिशेब करण्यात आला, कारण अशा संसर्गाची सुरुवात पुष्कळदा न्यूमोनियाने होते. त्यातही ॲस्पिरिनचा लाभ आढळला नाही. म्हणजे शंभर ज्येष्ठांनी पाच वर्षे गोळी घेतली तर एका जास्तीच्या माणसाला पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होणार, आणि त्या बदल्यात छातीला काही मिळाल्याचे कुणालाही दाखवता येणार नाही. आपण सत्तरीचे नाही, हे मान्य. पण हृदयरोग नसलेल्या व्यक्तींनी साठीनंतर ही गोळी केवळ प्रतिबंधासाठी नव्याने सुरू करू नये, असा सल्ला अमेरिकेतील अधिकृत तज्ज्ञगटानेही २०२२ साली दिला आहे.

ज्या चौघांनी गोळी सुरू केली आहे, त्यांच्यापैकी कुणी गुडघ्यांसाठी वेदनाशामक घेत असेल, कुणाला आम्लपित्त किंवा पूर्वी अल्सर झालेला असेल, तर त्यांचा धोका आणखी वाढतो. शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि त्यांच्यापैकी कुणाच्या हृदयात स्टेंट असेल, तर माझे वरचे उत्तर त्याच्यासाठी नाही; त्याने हा अंक वाचून गोळी बंद करू नये.

धुळीचे काय, हा आपला मूळ प्रश्न उरतोच. पुण्यात थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची हवा तुलनेने उबदार असते, त्यामुळे शेकोट्यांचा, कचरा जाळल्याचा आणि वाहनांचा धूर वर न जाता खालीच साचून राहतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी पर्वतीची वेळ पहाटे पाचऐवजी ऊन वर आल्यावर ठेवावी. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ उपक्रमातून पुण्याच्या हवेची माहिती मिळते, ती पाहून निघावे. बांधकामाच्या कडेने जाताना नाकावर नीट बसणारा एन-९५ मास्क वापरावा, रुमाल नव्हे. पंधरा वर्षांचा नेम दोन तासांनी पुढे सरकवणे जड जाते, हे मला माझ्या अनुभवावरून ठाऊक आहे.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. सहा वर्षांपासून दमा आहे, नाकातील वाढलेल्या मांसाचे ऑपरेशन दोनदा झाले, तरी ते पुन्हा वाढते आणि वास तर केव्हाच गेला आहे. मागील महिन्यात डोके दुखत होते म्हणून पाण्यात विरघळणारी ॲस्पिरिनची गोळी घेतली. तासाभरात नाक गळू लागले, डोळे लाल झाले आणि छाती इतकी भरून आली की रात्री रुग्णालयात जावे लागले. सासूबाई म्हणतात, गोळी उष्ण पडली. त्याआधी दोन वर्षांपूर्वी दातदुखीच्या गोळीनंतरही असेच झाले होते. आता छातीच्या दाहासाठी कमी मात्रेची ॲस्पिरिन चांगली, असे ऐकले. कमी मात्रा मला चालेल का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपल्याला ती ७५ मिलिग्रॅमसुद्धा स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. आपण लिहिलेल्या तीन गोष्टी, म्हणजे दमा, नाकात पुनःपुन्हा वाढणारे पॉलिप आणि वेदनाशामक गोळीनंतर येणारा झटका, एकत्र आल्या की एका ठराविक आजाराचा दाट संशय येतो. फ्रान्समध्ये विडाल यांनी १९२२ साली त्याचे वर्णन केले होते आणि १९६८ साली अमेरिकेत सॅम्टर व बिअर्स यांनी ते पुन्हा सविस्तर मांडले. प्रौढ दमेकऱ्यांपैकी सुमारे सात टक्के आणि तीव्र दमा असलेल्यांपैकी सुमारे पंधरा टक्के रुग्णांत हा प्रकार आढळतो. इतका नेहमीचा असूनही तो ओळखायला अनेकदा वर्षे जातात, कारण रुग्ण नाकासाठी एका डॉक्टरांकडे, छातीसाठी दुसऱ्याकडे आणि दातासाठी तिसऱ्याकडे जातो आणि तिघांची कागदपत्रे एका पिशवीत कधी येत नाहीत.

‘उष्ण पडली’ या सासूबाईंच्या शब्दांत निरीक्षण अचूक आहे, कारण मात्र वेगळे. प्रोस्टाग्लँडिनपैकी ई-२ नावाचे एक द्रव्य श्वासमार्गात ब्रेकसारखे काम करते. आपल्यासारख्या रुग्णांमध्ये हा ब्रेक आधीच ढिला असतो. ॲस्पिरिनने तो पूर्ण सुटला की ल्युकोट्राइन नावाच्या द्रव्यांचा लोंढा येतो, श्वासनलिका आवळतात आणि नाक वाहू लागते. साधारणपणे अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत हे सुरू होते. वरच्या पत्रात जे विकर अडल्यामुळे दाह कमी झाला, तेच विकर अडल्यामुळे आपल्या श्वासमार्गात दाह भडकतो. येथे नेहमीच्या अर्थाची ॲलर्जी नसल्यामुळे त्वचेची किंवा रक्ताची ॲलर्जी-चाचणी ‘काही नाही’ असेच सांगते, आणि रुग्ण निर्धास्त होऊन पुन्हा तीच गोळी घेतो. रुग्णालयात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ही संवेदनशीलता तपासतात तेव्हा सुरुवात २० ते ४० मिलिग्रॅमसारख्या अल्प मात्रेने करतात, आणि काहींना तेवढ्यानेही त्रास सुरू होतो. ‘कमी मात्रा’ आपल्यासाठी कमी का नाही, हे यावरून कळेल.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन यांनीही हाच त्रास होतो. आपल्याकडे यांपैकी एखादे औषध पॅरासिटामॉलच्या जोडीने एकाच गोळीत मिळते आणि दुकानदार ‘साधी पॅरासिटामॉलची आहे’ म्हणून देतो. त्यामुळे पाकिटावरील बारीक अक्षर स्वतः वाचावे. साधे पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत बहुतेकांना चालते, तरी पहिल्यांदा घेताना ५०० मिलिग्रॅमपलीकडे जाऊ नये आणि पंप जवळ असू द्यावा. दंतवैद्य, हाडांचे डॉक्टर, बाळंतपणाचे डॉक्टर, सर्वांना हे सांगावे, आणि फोनमध्ये तशी नोंद करून ठेवावी.

आता थोडे विचित्र वाटेल असे एक सांगतो. निदान पक्के झाल्यावर काही निवडक रुग्णांना रुग्णालयात वाढत्या पायऱ्यांनी ॲस्पिरिन देऊन शरीर तिला सरावते करतात आणि पुढे रोज ३२५ ते १३०० मिलिग्रॅम इतकी मात्रा कायम चालू ठेवतात. त्यामुळे अनेकांत पॉलिप पुन्हा वाढण्याचा वेग मंदावतो, आणि काहींचा गेलेला वासही परत येतो. दोनदा ऑपरेशन होऊनही मांस वाढत असल्याने आपण याविषयी छातीच्या आणि नाक-कान-घशाच्या तज्ज्ञांना एकत्रितपणे विचारावे. घरी प्रयत्न मात्र मुळीच करू नये.

प्रश्न : यजमानांना ६६ व्या वर्षी स्टेंट बसवला. तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षे, ते ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतात. त्यांना लहानपणापासून सौम्य दमा आहे. ॲस्पिरिनने दमा वाढतो असे वाचल्यापासून ते गोळी सोडायची म्हणतात. — एक वाचक, धनकवडी

उत्तर : त्यांनी गोळी सोडू नये. तीन वर्षे रोज घेऊन एकदाही झटका आलेला नाही, यापेक्षा चांगली चाचणी कोणती? त्यांचा श्वासमार्ग ॲस्पिरिनला संवेदनशील नाही, हे त्यातून दिसतेच. स्टेंट असलेल्या माणसाने ही गोळी अचानक बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो, आणि त्यापुढे सौम्य दम्याची काळजी फार लहान आहे. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ते विकराच्या त्याच जागेपाशी आधी जाऊन बसते आणि ॲस्पिरिनला काम करू देत नाही.

प्रश्न : माझ्या आईला व मावशीला चाळिशीनंतर दमा झाला. मी ४१ वर्षांची आहे आणि सध्या काहीही त्रास नाही. ॲस्पिरिन घेणाऱ्यांना दमा कमी होतो, असे मोठ्या अभ्यासांत दिसल्याचे एका ओळखीच्या औषध-प्रतिनिधींनी सांगितले. आधीपासून घेऊन दमा टाळता येईल का? — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : अभ्यास खरे आहेत आणि मोठेही आहेत. अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर हृदयरोगासाठी झालेल्या चाचणीत निम्म्यांना एक दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देण्यात आली होती. जवळपास पाच वर्षांत नव्याने दमा झाल्याचे ॲस्पिरिनच्या गटात ११३ जणांनी आणि दुसऱ्या गटात १४५ जणांनी कळवले. दुसऱ्या चाचणीत दमा नसलेल्या ३७,२७० स्त्रिया होत्या. एक दिवसाआड १०० मिलिग्रॅम आणि दहा वर्षांचा काळ, असा तिचा आवाका होता. तेथे हे आकडे ८७२ आणि ९६३ होते. ‘दमा २२ टक्क्यांनी आणि १० टक्क्यांनी घटला’ असे त्याचे वर्णन होते, आणि ते चूक नाही.

परंतु टक्केवारी बाजूला ठेवून डोकी मोजावीत. स्त्रियांच्या चाचणीत प्रत्येक गटात साधारण १८,६०० जणी होत्या, आणि दहा वर्षांत फरक पडला ९१ जणींचा. म्हणजे हजार जणींनी दहा वर्षे गोळी घ्यावी तेव्हा पाच जणींचा दमा टळणार. लठ्ठ स्त्रियांमध्ये तर तोही लाभ दिसला नाही. शिवाय दोन्ही चाचण्या दम्यासाठी आखलेल्या नव्हत्या, सहभागी व्यक्तींनी स्वतः कळवलेल्या माहितीवर दम्याची मोजणी झाली, आणि अधूनमधून छाती वाजणाऱ्या पण निदान न झालेल्या व्यक्तींनी गोळी आपणहून सोडून दिली असण्याची शक्यता उरते. एकदा दमा झाल्यावर ॲस्पिरिनने तो सुधारतो, असे यातून निघत नाही. आपल्या घराण्यातील दम्याला ॲस्पिरिनची जोड आहे का, म्हणजे आई किंवा मावशी यांना वेदनाशामकाने त्रास होतो का आणि नाकात पॉलिप आहेत का, हे त्यांना अवश्य विचारून घ्यावे. त्यांच्या उपचारांसाठी तरी ते उपयोगी पडेल. आपण स्वतः गोळी घेऊ नये.

प्रश्न : मी २९ वर्षांचा असून हिंजवडीत नोकरी करतो. आमच्या कंपनीच्या तपासणी-पॅकेजमध्ये ‘इन्फ्लमेशन प्रोफाइल’ होते, त्यात सीआरपी थोडे वाढलेले आले. म्हणजे माझ्या श्वासनलिकेत दाह आहे का? ॲस्पिरिन घेऊन पुन्हा तपासू का? — एक वाचक, वाकड

उत्तर : सीआरपी हे रक्तातील एक प्रथिन आहे. ते यकृतात बनते आणि शरीरात कुठेही काही चालू असले तरी वाढते. हिरड्या सुजल्या असतील, आठवड्यापूर्वी सर्दी झाली असेल, पोटाचा घेर वाढला असेल, तरी ते वाढलेले येऊ शकते. त्यावरून श्वासमार्गाविषयी काहीच कळत नाही. श्वासमार्गातील एका ठराविक प्रकारच्या दाहाचा अंदाज उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजून घेता येतो, आणि प्रौढांत तो आकडा अब्जांशी २५ भागांच्या खाली असणे सर्वसामान्य मानतात. मात्र ही चाचणी इओसिनोफिल पेशींच्या, म्हणजे दम्याच्या जातीच्या दाहाविषयी बोलते. बेलफास्टच्या प्रयोगात ज्या न्यूट्रोफिल पेशी घटल्या, त्यांचा त्यात पत्ता लागत नाही. दम लागणे, रात्रीचा खोकला, घरघर यांपैकी काही असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकण्याच्या क्षमतेची तपासणी, करून घ्यावी. नसेल तर कोणतीच चाचणी नको. आधी गोळी घेऊन मग आकडा मोजणे हा उद्योग तर नकोच, कारण आकडा उतरला तरी आपले नेमके काय बरे झाले, हे कुणालाच सांगता येणार नाही. पॅकेज विकणाऱ्यांना ते सांगावे लागत नाही, हा भाग वेगळा.

प्रश्न : ॲस्पिरिन मूळची झाडाच्या सालीतली आहे, असे म्हणतात. आमच्या शेताजवळ ओढ्याकाठी वाळुंजाची झाडे आहेत. रासायनिक गोळीऐवजी त्या सालीचा काढा थंडीत छातीसाठी घेतला तर? — एक वाचक, मुळशी

उत्तर : वाळुंज हा युरोपातील विलोचा सख्खा भाऊबंद, आणि त्याच्या सालीत सॅलिसिन असते, हे खरे. इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने १७६३ साली विलोच्या सालीची पूड तापावर चालते असे कळवले होते. पण सॅलिसिनपासून शरीरात जे सॅलिसिलिक आम्ल बनते, त्यात ॲसिटिल गट नसतो. हा गट त्यावर चढवून शुद्ध स्वरूपातील ॲस्पिरिन फेलिक्स हॉफमन यांनी बायर कंपनीत १८९७ साली तयार केले, आणि प्लेटलेट्समधील विकराला कायमचा चिकटतो तो हाच गट. त्यामुळे ७५ मिलिग्रॅमच्या गोळीविषयी वर जे जे लिहिले, त्यातील बहुतेक भाग काढ्याला लागूच होत नाही. सालीत सॅलिसिन किती, हे झाडागणिक आणि ऋतूगणिक बदलते, आणि पोटाला होणारा त्रास तेवढा नक्की असतो. घरात कुणाला दमा व पॉलिप असतील, किंवा कुणी रक्त पातळ करण्याची गोळी घेत असेल, तर त्यांना हा काढा देऊ नये, आणि तापात लहान मुलांना तर कधीच देऊ नये. पावसाळ्यानंतर आपल्या भागात डेंग्यू असतो, तेव्हा मोठ्यांनीही तापावर ॲस्पिरिन आणि ही साल, दोन्ही टाळावीत.